लोखंडाचा कीस

लोह्याच्या बसस्टँडमागं हणमंत मिस्त्रीचं दुकान आहे. फवारणी पंप, कडबाकुट्टी, रसवंती, दोरी ओढून सुरू होणारं जे काही पेट्रोलचं इंजिन तालुक्यात असेल ते गेली पस्तीस वर्षं त्याच्याच हातून बरं होऊन जातं. माणूस कामाला चोख. खोड एकच, आपल्याला ठाऊक नाही ते दुसऱ्याला ठाऊक असतं, हे त्याच्या गळी उतरायला फार वेळ लागायचा. आणि गंजाशी त्याचं जन्माचं वैर. जमिनीवर पडलेला साधा स्क्रूसुद्धा तो तेलाच्या फडक्यानं पुसल्याशिवाय डब्यात टाकत नसे.

दिवाळीनंतर तारामती त्याच्याकडं आली. बाई साठीची, मालक गेल्यापासून शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यालगतच्या घरात, एकटीच राहायची. सोबतीला पाच देवणी गायी. खांदा धरल्यामुळं हातानं कडबा तोडणं होईना म्हणून तिनं इंजिनाची कडबाकुट्टी घेतली होती. पण आखाड्यावर वीज येणार रात्री, पेट्रोल आणायचं तर नऊ किलोमीटर, आणि पंपावरचा माणूस कॅनमध्ये द्यायला खळखळ करणार. लातूरला क्लासमध्ये शिकवणारा तिचा मुलगा सत्यम दर फोनला एकच म्हणायचा, गायी विक आणि इकडं ये.

"गोबरगॅस ढीगभर हाय, मिस्त्री," तारामती म्हणाली. "चूल पेटून उरतोय. त्याच्यावर इंजिन चालंल का? चाललं तर गायी ऱ्हात्याल, न्हाईतर सत्यम ऐकायचा न्हाई."

"चालंल की," हणमंत म्हणाला. असं इंजिन त्यानं जन्मात केलेलं नव्हतं.

तरी त्यानं आखाड्यावर जाऊन केलं. हवेच्या वाटेवर गॅसची नळी जोडली, तिला चावी बसवली, इंजिन पेट्रोलवर सुरू करून हळूच गॅसवर घेतलं. ते दोनदा खोकलं आणि मग लागलं की चालायला! धूर नाही, वास नाही. योगायोगानं विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या उर्वी मॅडम गावात गोबरगॅसची पाहणी करायला आल्या होत्या. त्यांनी इंजिन पाहून कौतुक केलं आणि जाता जाता सांगितलं, "काका, या गॅसमध्ये सडक्या अंड्याचा वास असतो ना, तो पितळ खातो. गॅस आधी एका पाइपातून घ्या आणि त्या पाइपात लेथवरचा लोखंडाचा कीस भरा. गंजलेलाच भरा हं."

हणमंतनं मान डोलावली. कीस आणला, पाइपात भरलाही. पण गंजलेला? त्याच्या इंजिनाच्या तोंडाशी गंज? मॅडम पुस्तकातलं बोलून गेल्या असतील, असं म्हणत त्यानं तो कीस डिझेलमध्ये धुतला, वर तेलाचा हात दिला आणि चांदीसारखा चकचकीत करून पाइपात कोंबला. कोणाला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच त्याला वाटलं नव्हतं.

दोन महिने इंजिन झकास चाललं. संक्रांत झाली आणि एका सकाळी ते बसलं ते बसलंच. त्या शुक्रवारी तारामतीनं ते टेम्पोत घालून दुकानात पाठवलं. शनिवारी हणमंतनं उघडलं, तर आतलं पितळ काळंठिक्कर, व्हॉल्व्ह अडकलेला, ऑइलची राड झालेली. मग त्यानं इंजिनाबरोबर आलेला पाइप उघडला. कीस भरला होता तसाच, चकचकीत. तेलाखालच्या लोखंडाला गॅसनं स्पर्शही केला नव्हता. गंजात जे अडकायला हवं होतं ते सगळं सरळ इंजिनात गेलं होतं.

त्याला कळायला एक मिनिट लागलं नाही. सांगायचं कसं, हे मात्र कळेना. संध्याकाळी तारामतीचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "बघून राहिलो, बाई. गॅसचं काम हाय, येळ लागंल." त्याचा बेत साधा होता. भाग बदलायचे, भंगारातला लालभडक गंजलेला कीस भरायचा, इंजिन गुपचूप नेऊन द्यायचं. कोणी विचारणार नाही आणि पस्तीस वर्षांच्या नावाला डाग लागणार नाही. भाग नांदेडहून यायला आठवडा गेला.

पुढच्या रविवारी तो आखाड्यावर पोचला तेव्हा सत्यम अंगणात उभा होता आणि बांधाशी गायी न्यायला आलेला रिकामा टेम्पो.

"उशीर झाला, काका," सत्यम शांतपणे म्हणाला. "आई तयार झालीय. गॅसवर इंजिन टिकत नाही, हे तिनंही मान्य केलं. आज दुरुस्त कराल, दोन महिन्यांनी परत बसेल. तिनं परत विळा धरावा का?"

मुलगा चुकीचं बोलत नव्हता. तारामती दारात बसली होती. ती म्हणाली, "तुमी लई केलं, मिस्त्री. माझ्याच गॅसात खोट असंल. शेण चांगलं पडावं म्हून म्या पेंडसुद्धा बदलून पायली."

हे ऐकलं आणि हणमंतला स्वतःची अशी लाज वाटली की हातातला पाना त्यानं खाली ठेवला. ही बाई आठवडाभर आपल्या गायींच्या शेणात खोट शोधत होती.

"गॅसात खोट न्हाई," तो म्हणाला. "खोट माझी हाय. मॅडमनं गंजका कीस भरायला सांगितलता. म्या धुऊन, तेल लावून भरला. गंज बघवंना म्हून. इंजिन म्या मारलं, बाई. आता गंजका भरून आणलाय. चार-सहा महिन्याला तेवढा बदलला की झालं, न्हाई बसायचं."

 सत्यमनं टेम्पोवाल्याला हातानंच थांब म्हणून खूण केली.

तारामतीनं मात्र वेगळंच विचारलं. "हे कवा कळलं तुमाला?"

काल म्हणता आलं असतं. त्याच्या ओठावर ते आलंही होतं.

"शनवारी. मागल्या आठवड्याच्या."

तिनं गोठ्यातल्या रिकाम्या दाव्याकडं बोट केलं. "चंद्री सोमवारी गेली," ती म्हणाली. "तुमी म्हणला गॅसचं काम हाय, मला वाटलं आता काय होत न्हाई. देवणी गावाकडला माणूस आला, दिली."

"मी जातो, बाई. पाया पडून आणतो."

"कशाला? त्यानं घरी नेऊन ओवाळलं तिला. लेकरांनी दुसरं नाव ठेवलं म्हनं." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गुडघ्यावर हात रोवून उठली. "इंजिन चालू करा. चौघी सकाळधरनं उपाशी हायेत."

हणमंतनं दोरी गुंडाळली. ओढताना त्याला तिच्याकडं बघवलं नाही.