शेठचा गरीब घोडा

सारंगखेड्याच्या यात्रेत केवलचंदशेठच्या घोड्यानं लाथ मारली आणि उखा कमरेखाली कायमचा लुळा झाला. शेठनं तडजोडीला माणसं धाडली. उखानं ती हाकलली. त्याला भर कोर्टात शेठची जिरवायची होती.

दाव्याच्या दिवशी शेठ मुद्दाम त्याच घोड्यावरून आला. घोडा खोडीचा आहे हे मालकाला माहीत होतं, एवढंच आता शाबीत व्हायचं होतं. शेठनं शपथेवर सांगितलं, "घोडा अगदी गरीब आहे."

कोर्टात उचलून आणलेल्या खाटेवरून उखा ओरडला, "साहेब, घोडा बाहेर बांधेल शे. शेठले सांगा, तेना मांगे उभा ऱ्हाय!"

मुन्सफानं शेठकडे पाहिलं. शेठ जागचा हलला नाही.

भरपाईचा हुकूम झाला. बायको कौसाबाई आनंदानं रडली. उखा मात्र दातओठ खात म्हणाला, "तो उभा ऱ्हायाले पाहिजे व्हता."