सशाच्या टोपड्यातला टेप

मी मकारच्या गाडीतला टेप बोलतोय. म्हणजे, बोलायचो. सध्या माझ्या पोटात एक कॅसेट अडकली आहे आणि मी गप्प आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. खोकं उघडलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते ओग्दोचं तोंड. ती मकारची बायको. सायबेरियातली आमची लेना नदी गोठली की तिच्यावरून गाड्यांचा रस्ता होतो, आणि मकार त्या रस्त्याने गावोगाव पीठ-साखर पोचवतो.

"वाटेत झोपशील, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "हा असू दे सोबतीला."

"तू शेजारी असलीस की झोप कसली? जीभ थांबते का तुझी?"

माझ्यासाठी नियम तिनेच घातला. गाडी तापल्याशिवाय मला बोलायला लावायचं नाही. आमच्या थंडीत स्पीकरचे कागदी पडदे सुक्या मासळीसारखे कडक होतात. तेव्हाच मोठा आवाज केला तर फाटतात. रोज सकाळी इंजिन सुरू करून मकार माझ्यावर तळहात ठेवायचा. "बोलू नकोस अजून. गाडी तापू दे." मग अर्धा तास तोही बोलायचा नाही. आधी हळू आवाज, नदीचं दुसरं वळण गेलं की मोठा. गाडी उभी असेल तेव्हा माझ्या अंगावर सशाच्या कातड्याचं टोपडं असायचं. ओग्दोने जुनी टोपी उसवून ते शिवलं होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी शहरात त्यांच्या मुलीला, तुयाराला, जुळं झालं. ओग्दो तिकडे गेली. जाण्याआधी शाळेतल्या मशीनवर तिने एक कॅसेट भरून ठेवली. त्यात ती दातांशी धरून बोटाने छेडायचं खोमूस वाजवते. दोन सुरावटींच्या मध्ये तिचा आवाज येतो, "झोपलास का रे, म्हाताऱ्या?"

आणि मकार त्या एवढ्या मोठ्या पांढऱ्या नदीवर मोठ्याने सांगायचा, "जागा आहे गं."

"वसंतात येते," म्हणाली होती. वसंत गेला. पोरांना दात आले, मग गोवर आला. ती काही आली नाही.

संध्याकाळी मकार गाडीची बॅटरी काढून घरात चुलीजवळ न्यायचा. आमच्याकडे सगळेच नेतात, नाहीतर थंडीने ती रात्रीत मरते. जानेवारीतल्या एका संध्याकाळी बॅटरी उचलता उचलता तो माझ्याकडे बघत राहिला.

"तू तरी का बाहेर राहायचंस?"

त्याने माझे स्क्रू काढले, एक स्पीकर सोडवला, आणि मला कोटात घेऊन निघाला. कुंपणापलीकडून शेजारी सिलिपने पाहिलं.

"काय रे, आता टेपलाही चहा पाजणार?"

"थंडी वाजते त्याला."

"त्याला की तुला?"

घरात गेल्या गेल्या त्याने माझं टोपडं काढलं आणि मला चुलीशेजारी ठेवलं. इतकी ऊब मी कधी पाहिली नव्हती. आधी माझ्या अंगावर मिशांसारखं दव गोठलं, मग वितळलं. मकारने बाहेरून बाहीने पुसलं. आतून कोण पुसणार? त्याने घाईघाईने बॅटरीला तारा जोडल्या, दोन कप भरले आणि कॅसेट घातली. खोमूस दोनदा वाजलं. फीत ओल्या चाकाला चिकटली आणि आत गुंडाळत गेली.

त्याने ओग्दोला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"बंदूक कधी घरात आणलीस का रे?" तिने विचारलं.

"नाही."

"का?"

"घाम येतो तिला. गंजते."

"चाळीस वर्षं बंदूक पडवीत ठेवतोस आणि टेप घेऊन चुलीशी बसलास? वर टोपडंही काढलंस?"

"मला वाटलं, तो बॅटरीसारखा आहे."

ती हळूच म्हणाली, "कॅसेट ओढू नकोस, तुटेल. घेऊन ये इकडे. दुरुस्तीवाला आहे खालच्या गल्लीत."

"शहरात मला करमत नाही."

"मग मला करमतं का?"

त्यानंतर मी पडवीतल्या फळीवर, बंदुकीशेजारी राहिलो. बंदूक फारशी बोलत नाही. मकार रोज यायचा, कॅसेटच्या दाराला बोट लावायचा आणि हात मागे घ्यायचा. फेब्रुवारी गेला, मार्च गेला.

"ओढ आणि फेकून दे," सिलिप म्हणाला.

"तिचा आवाज आहे यात."

"अरे मूर्खा, ती जिवंत आहे! बर्फाचा रस्ता आता आठवडाभर आहे. मग नदी फुटली की बस फळीकडे बघत."

आज सकाळी मकारने धिरड्याचा तुकडा चुलीतल्या विस्तवाला दिला. लांबच्या वाटेला निघतानाच तो तसं करतो. मला टोपड्यासकट उचललं आणि सीटवर ठेवलं, ओग्दो बसायची तिथे. माझ्या जुन्या खोबणीतून नुसत्या तारा लोंबत होत्या. त्याने इंजिन सुरू केलं, माझ्यावर तळहात ठेवला.

"बोलू नकोस अजून. गाडी तापू दे."

मी कुठला बोलतोय! पण आम्ही दोघं थांबलो.

दुरुस्तीवाला मला उघडेल. फीत निघेल; मी उरेन की नाही, ठाऊक नाही. तुमच्या ओळखीचं कुणी फार दिवस थंडीत राहिलेलं असेल तर एवढंच करा. त्याला एकदम चुलीशी नेऊ नका. आहे तसं गुंडाळलेलं राहू द्या, आणि ऊब आतपर्यंत पोचेतो शेजारी बसा.

काचेवरचा बर्फ वितळला. गाडी नदीवर उतरली. दुसरं वळण गेलं तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मकार मोठ्याने म्हणाला,

"जागा आहे गं."