पायऱ्यांवरची पुठ्ठ्याची बाई

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची बाई आहे. उंची सव्वासात सेंटिमीटर. जाडी विचारूच नका, फुंकर मारली तर पडेन. हसलात ना? हसा, हसा, सुरुवातीला माझं मलाही हसू यायचं. मी बटणं टाचून विकतात त्या कार्डातून कापली गेले, म्हणून पाठीवर सुईची भोकं आहेत. नाक-डोळे नाहीत, बोटं नाहीत. एक हात मात्र अंगापासून सुटा, जरा पुढे आणि खाली आहे. माझी सगळी कर्मकहाणी त्या हाताचीच आहे.

मला घडवलं एका मुलीनं. ती आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होती. वर्गातली पोरं तिला 'खोडरबर' म्हणत, कारण ती एक रेघ काढायची आणि तीनदा खोडायची. कागद फाटायची वेळ यायची, पण बाईसाहेबांच्या मनाजोगती रेघ काही उमटायची नाही. घरात दोघीच, ती आणि तिची आई. आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून न्हाणीघरात उतरायला तीन पायऱ्या.

त्या पायऱ्या कुण्या गवंड्यानं डोळे मिटून बांधल्या होत्या, देव जाणे! पहिली सतरा सेंटिमीटर उंच, मधली एकवीस, शेवटची पंधरा. मशीनचं पायडल मारून मारून आईचे गुडघे पार कामातून गेले होते. मधल्या पायरीशी तिचा पाय दर वेळी चाचपडायचा. मग ती भिंतीवर हात टेकायची, "आई गं" म्हणायची आणि उतरायची. दिवसातून दहा वेळा तरी.

कॉलेजात एक शिक्षक होते. त्यांच्या खिशात कायम पोलादी पट्टी असायची, म्हणून सगळे त्यांना पट्टी सर म्हणत. त्यांनी पहिलाच मोठा अभ्यास दिला तो असा की, आपल्या घराचा एक कोपरा मोजायचा, त्याचं मॉडेल करायचं आणि त्यात एकच दुरुस्ती सुचवायची. खोडरबरनं त्या पायऱ्या निवडल्या. खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचं मॉडेल केलं, पांढरंशुभ्र, एक डाग नाही. भिंतीलगत टूथपिकचं नाजूक रेलिंग लावलं. आता सर शाबासकी देणार, अशा थाटात ती ते घेऊन उभी राहिली.

सरांनी खिशातून पट्टी काढली. "रेलिंग किती उंच धरलंयस?"

"नव्वद सेंटिमीटर, सर. पुस्तकात तसंच दिलंय."

"पुस्तक उतरतं का या पायऱ्या?"

सगळा वर्ग खो खो हसला. मुलीचा चेहरा लालबुंद झाला.

"कोण उतरतं?" सरांनी विचारलं.

"आई."

"मग आई कुठाय यात? जा, तिला घेऊन ये."

ती घरी गेली तीच मुळी रडकुंडीला येऊन. आईनं मशीन थांबवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं वेडे, रडतेस काय? बरोबरच बोलले की ते! मी कधी पुस्तकातून माप घेतलंय का कुणाचं? माणूस समोर उभं करते, तेव्हा कुठे टेप लावते."

मग आईनं स्वतःच्या गळ्यातली टेप काढून लेकीच्या हातात दिली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. उंची भरली एकशे पंचेचाळीस. "आता नेहमी उतरतेस तशी उतर," लेक म्हणाली. आई उतरली आणि तेव्हा त्या मुलीला भिंतीवरचा डाग दिसला. तळहाताएवढा, तेलकट, काळपट. त्याच घरात लहानाची मोठी झाली, पण आईचा हात रोज कुठे टेकतो हे तिनं कधी बघितलंच नव्हतं! तिनं पायरीपासून डागापर्यंत टेप लावली. ऐंशी सेंटिमीटर.

त्याच दुपारी तिनं मला कापलं. आईच्या उंचीची, आईसारखी जराशी पुढे झुकलेली आणि हात तसाच. नव्वदचं रेलिंग माझ्या कोपराशी येत होतं. ऐंशीचं केलं आणि बरोबर हाताखाली बसलं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढचे दिवस माझ्या कौतुकाचे. "या मुलीला माप घेता आलं," असं सर भर वर्गात म्हणाले. मॉडेल कॉलेजच्या दारातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. येणारा-जाणारा वाकून माझ्याकडे बघायचा. एकदा आईही ठेवणीतले कपडे घालून कॉलेजात आली आणि काचेला नाक लावून म्हणाली, "अगंबाई, ही तर मीच की! कंबर जरा बारीक केलीस, बरं केलंस." सरसुद्धा हसले. मला असा तोरा चढला की, बाजूच्या मॉडेलांकडे मी ढुंकून बघेना.

मित्रांनो, इथंच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आईचा भाऊ वेल्डर होता. मॉडेलची बातमी कळल्यावर तो पुढच्याच रविवारी घरी आला. "मला फक्त लांबी आणि उंची सांग," मामा म्हणाला. "ड्रिल मारतो, पाइप बसवतो, चहा पितो नि जातो."

"थांब ना मामा," लेक म्हणाली. "साधा पाइप नको. मी नीट डिझाइन करतेय."

कौतुक अंगात भिनलं होतं, दुसरं काय! काचेच्या कपाटात मिरवलेलं रेलिंग घरी तसंच साध्या पाइपचं कसं लावायचं? तिनं मला मॉडेलमधून अलगद काढलं आणि कंपासपेटीत घालून घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं पायऱ्यांचं नवं मॉडेल केलं. त्यात गोल लाकडी रेलिंग. माझ्या पायांना गोंद लावून मला उभं केलं, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "छे." मग दुसरं केलं, टोकाला वळण असलेलं. "छे." तिसऱ्यात रेलिंगच्या खाली दिवा. तेही मोडलं. दर वेळी मी चिकटायची आणि दर वेळी निघायची. माझ्या पायांवर गोंदाची पुटं चढली.

मामा रविवारी यायचा आणि विचारायचा, "झालं का गं तुझं? माप दे." ती म्हणायची, "पुढच्या रविवारी नक्की." तो मान हलवून चहा पिऊन जायचा. मी टेबलावरून सगळं ऐकत असायची. मला तोंड असतं ना, तर ओरडून सांगितलं असतं, "अहो मामा, ऐंशी! ऐंशी सेंटिमीटर!"

आई टोचून बोलणाऱ्यातली नव्हती. एकदाच म्हणाली. कपडे धुवायला उतरताना गुडघ्यात कळ आली, तशी ती मधल्या पायरीवरच बसली आणि म्हणाली, "बाळा, मी कापड बेतलं की आधी कच्चे टाके घालते. अंगावर चढवून बघते. पक्की शिलाई मागाहून. तूही आधी साधा पाइप लावू दे ना मामाला. मग तुझी कलाकुसर कर हवी तेवढी."

"आई, घाईघाईनं केलं की घाण दिसतं गं."

"न्हाणीघरात कोण बघायला येतंय?" आई हसली आणि भिंतीला धरून उठली.

ते पुढच्या आठवड्यात झालं. सकाळची वेळ. लेक टेबलाशी बसून चौथं मॉडेल करत होती. तिनं मला चिमटीत धरलं होतं, मधल्या पायरीवर टेकवत होती. आई धुतलेले कपडे घेऊन पायऱ्या चढत होती. एका हातात बादली, दुसरा हात भिंतीवर. पाय चुकला. हात त्या डागावरून घसरत खाली आला. भिंत कधी कुणाला धरून ठेवते का हो? आधी बादलीचा आवाज आला, मग दुसरा. त्या दुसऱ्या आवाजाचं वर्णन मला करवत नाही. लेक उठली तेव्हा मी तिच्या बोटातून जमिनीवर पडले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग ताप, मग छातीत कफ. पंधरा-वीस दिवसांनी आईला घरी आणलं, पण उचलूनच. डॉक्टर म्हणाले, चालणं आता अवघड आहे. पट्टी सर भेटायला आले. त्या पायऱ्या बघून आले आणि जाताना मुलीला म्हणाले, "मी मार्क दिले, पण घरी बसवलं का, हे विचारलं नाही. चूक माझीही आहे." तिला त्यानं काही बरं वाटलं नाही.

मामा पाइप घेऊन आला. या वेळी त्यानं माप मागितलं नाही, पाइप भिंतीला टेकवून ड्रिल बाहेर काढलं. तिनं खाली मान घालून सांगितलं, "ऐंशी." अर्ध्या तासात पाइप बसला. मामा तिला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर ती मोकळेपणानं रडली तरी असती.

पलंगावरून आईनं ड्रिलचा आवाज ऐकला होता. "बसवलं का गं?"

"हो, आई."

"हात नीट पोचतो का, बघितलंस?"

लेक आईपेक्षा चांगली वीतभर उंच. ती परत पायऱ्यांशी गेली. गुडघे वाकवले, पाठ झुकवली, आईएवढी होईपर्यंत खाली झाली आणि तशीच, पाइप धरून, तीन पायऱ्या उतरली. मधल्या पायरीवर क्षणभर थांबली. पुन्हा तशीच चढून आली.

"पोचतो. बरोबर हाताखाली येतो."

"बघ," आई म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "तुझं माप काही चुकलं नव्हतं."

तेव्हा मात्र ती आईच्या कुशीत तोंड खुपसून ढसाढसा रडली.

आई चार महिन्यांनी गेली. शेवटपर्यंत ती त्या पायऱ्यांपर्यंत काही पोचली नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. खोडरबर आता मोठी आर्किटेक्ट आहे. तिच्या ऑफिसात मॉडेलांमध्ये उभं करायला विकतची प्लास्टिकची माणसं येतात, सगळी एका उंचीची, ताठ. मी खालच्या खणात एका पाकिटात असते. माझ्या कडा उकलल्यात, एक पाय दुमडलाय. ती मला क्वचित बाहेर काढते, तळहातावर ठेवते, पुन्हा पाकिटात घालते. कुणाला दाखवत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पुठ्ठ्याची बाई, माझं काय एवढं? मला खुशाल कचऱ्यात टाका. पण ज्या माणसाकडे बघून आम्हाला कापता, त्याला ताटकळत ठेवू नका. तुमचं चित्र पुरं होईपर्यंत त्याला थांबता येत नाही, त्याला रोज उतरावं लागतं. जे द्यायचं ते साधं द्या, वाकडंतिकडं द्या, पण आधी देऊन टाका. मी एकामागून एक चार सुंदर रेलिंगं धरून उभी राहिले. आईला एकही धरायला मिळालं नाही.