सखूबाईचा कावळा

सखूबाईच्या भिंतीवर कावळा आला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. साधा कावळा असता तर म्या ढुंकून बघितलं नसतं. पण तो म्हणे तिचा नवरा हाय. असं ती सांगते, आन् सगळी आळी मान डोलवते.

आमची दोघींची घरं नळदुर्गाजवळच्या गावात, मधे एकच मातीची भिंत. ती धनगराची, आमी लिंगायत. गेल्या साली पटकीची साथ आली. सोलापुराहून औषध येईपर्यंत निम्मं गाव आजारी पडलं. तिचा धुळाप्पा आन् सोलापुराचा माल आणणारे आमचे मालक एकाच आठवड्यात गेले.

धुळाप्पाच्या दहाव्याला बोरी नदीच्या काठी म्या लांब उभी होते. पिंड ठेवला, पण कावळा काय शिवेना. त्याचा भाऊ म्हणाला, पोराकडं लक्ष देतो. तरी शिवेना. शेवटी सखूबाईच रडत म्हणाली, "तुमची काळी मेंढी म्या कुनाला इकनार न्हाय बगा." झालं! एक लंगडा कावळा खाली उतरला आन् भाताचं शीत घेऊन गेला. तवापासून तो रोज सकाळी तिच्या भिंतीवर येतो. धुळाप्पा काही लंगडा नव्हता, पण तिला सांगणार कोण?

कावळा आला की ही बया डोईवरचा पदर पुढं ओढते! शिळी भाकर ठेवते आन् बोलत बसते. मेंढरं कुठं चरली, सून कशी उलटून बोलली. वर भांडतेसुद्धा. "आता काय वरडताव? जित्तेपणी कवा इचारलं का?" तो म्हणतो काव, आन् ही म्हणते, "बरं बरं, कळलं."

आमच्यात असलं काही न्हाय. मालकांना बसवून माती दिली. हातात लिंग, अंगाला विभूती, वर बेल. पिंड न्हाय आन् कावळाही न्हाय. म्या एकदा शांतलिंग स्वामींना विचारलंच, "स्वामी, आमचे मालक कशात येतात?"

स्वामी हसले. "गंगम्मा, ते शिवात मिळाले. त्यांना परत यायचं कारणच न्हाय. केवढं भाग्य!"

जळो ते भाग्य! जन्मभर माझ्या हातची शेंगपोळी खाल्ली, आन् परत यायचं कारणच न्हाय? तो मेंढरांमागं फिरणारा धुळाप्पा येतो, आन् आमचे एवढे मायेचे मालक येत न्हाईत? रात्रंदिवस तेच डोक्यात. मग एक दिवस म्या दाणे-गूळ कुटून कणीक मळायला घेतली. शेंगपोळी केली, वर तूप सोडलं आन् भिंतीवर आमच्या बाजूला ठेवली.

लंगड्यानं शिळी भाकर बघितली, पोळी बघितली. एक उडी मारून इकडं आला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "मालक," म्या म्हणाले, "निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर, जकात भरताना, लई खोळंबा झाला का हो?"

रोज तो माझ्याकडंच येऊ लागला. पलीकडून सखूबाई हाका मारायची, "आवं धनी, या की!" धनी इकडं तूप खात होते. म्या मनातून लई खूश. जळ म्हटलं आता तूबी!

एका सकाळी ती तरातरा माझ्या अंगणात आली.

"गंगम्माक्का, दुसरीच्या नवऱ्याला तूपपोळी घालताव, लाज न्हाय वाटत?"

"तो आमचा हाय."

"तुमच्यात कावळा असतोय व्हय? तुमचे तर शिवाजवळ गेल्यात!"

"तुझं काय जातं गं?" म्या ओरडले. "तुला पोरगा हाय, सून हाय, मेंढरं हायत. वर नवराही येतो. मला कोण हाय?"

ती उंबऱ्यावर बसली.

"आक्का, आमचे धनी सदा मेंढरांमागं रानात. घरी आले की भाकर खायाचे आन् आडवे व्हायाचे. तुमचे मालक सोलापुरास्नं माल घेऊन आले की तुमास्नी समदं सांगायचे. निजामाच्या हद्दीत शिरताना कोन भेटलं, कोन काय म्हनलं. तुमी हसायच्या. म्या भिंतीला कान लावून ऐकायची आन् जळायची. तुमचा मानूस जन्मभर तुमच्यासंगं बोलला. माजा मेल्यावर बोलाय लागला. येवढा तरी माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

ती उठून गेली तरी म्या तिथंच. हिला माझा हेवा वाटत होता! आन् हे मला भिंतीअलीकडं कधी कळलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी पोळी केली न्हाय. लंगडा आला, वाकून बघू लागला. म्या केरसुणी उगारली. "जावा तिकडं. बायको वाट बघतीय तुमची."

तो उडाला. पलीकडून आवाज आला, "आलाव व्हय? या." माझं काळीज जळालं. खोटं कशाला बोलू, अजून जळतंच. म्या भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

तिचं सुरू झालं. मेंढरं झाली, सून झाली.

"आन् ह्ये बगा," ती हळूच म्हणाली, "तिकडं चन्नबसप्पा मालकांची गाठ पडली तर सांगा. म्हनावं, गंगम्माक्का लई एकटी पडलीय. दिसभर तुमचीच आठवन काडती."

कावळा ओरडला.

माझा हुंदका काही आवरेना. तशीच उठले आन् भिंतीवर थाप मारली.

"सखे, जरा मोठ्यानं सांग गं! आमच्या मालकांना ऐकू कमी येतं."