हलगीची जागा

आष्ट्याच्या वीरधवलनं कुस्तीचा मोबाइल गेम बनवला. पैलवान त्यानंच काढलं, मैदानबी त्यानंच. हलगी वाजवायचं तेवढं जयराजचं ठरलेलं. शाळेपासनंची जोडी ती. पण गेम निम्मा झाला आन् जयराज मिलिटरीत भरती झाला. पार वर, बर्फात. तिथं कवा रेंज येती, कवा न्हाई. हलगी ऱ्हायली त्याच्या आईच्या, तानुबाईच्या घरात, खुंटीला.

रविवारी गेम लोकांपुढं जायाचा. मग गडी बसला एआयकडनं वाजवून घ्यायला. पहिल्या ॲपला लिवलं, "गावचं मैदान, हलगी, घुमकं." घुमकं म्हंजी हलगीच्या जोडीचा ढोल, त्याचं त्यानं केलं घुंगरू! पैलवान कुस्तीला उतरला का लावणीला, कळंना. दुसऱ्याचं लय गोड, पण फुकटात करून घेतलेलं विकायच्या गेमात चालत न्हाई म्हणं. तिसऱ्यानं मात्र झकास वाजिवलं.

तेवढं घिऊन त्यो तानुबाईकडं गेला. ती भाकरी थापत हुती. ऐकलं आन् पिठाचा हात तसाच ऱ्हायला.

"जयाचं व्हय रं? कवा धाडलं त्यानं?"

"न्हाई मावशी. मशीनचं हाय."

"आसं व्हय." तिनं भाकरी तव्यात टाकली. "तरीच. जया डाव पडायच्या आदी हात वर धरतोय. समदं मैदान गप. ह्यो तुझा म्हशीनं रवंथ केल्यागत वाजतोयच, वाजतोयच."

वीरधवल हसला. मग त्यो वर धरलेला हात त्याच्या डोळ्यापुढं आला, आन् हसू ऱ्हायलं तिथंच.

"सुट्टीचं काय बोलला का?"

"दिवाळीला येतो म्हणला हुता. कुठल्या दिवाळीला, ते न्हाई बोलला."

घरी येऊन त्यानं परत तेच तिसरं ॲप उघडलं. ते हरेक वाद्य सुटं करून द्यायचं. त्यातली हलगी त्यानं काढून टाकली. घुमकं आन् झांजंसारखं कैताळ ठेवलं. आता पैलवान भिडलं की वाजण्यात मधी मोकळी जागा पडायची, कोणतरी यायचं ऱ्हायल्यागत.

रविवारी गेम गेला. पहिल्याच खेळणाऱ्यानं लिवलं, "लय भारी गड्या! पर हलगी कुठं हाय?"

वीरधवलनं उत्तर दिलं, "नोकरीवर हाय. सुट्टी मिळाली की येतीय."

मग त्या माणसाचा सवाल तसाच्या तसा जयराजला व्हॉट्सॲपवर धाडला. आन् बसला बघत.

एकच टिक.