पेल्याच्या बुडाशी लेस्कावा

पाच वाजायला चाळीस मिनिटं उरली होती आणि यामिनी स्टान्कोआजोबांच्या कपाटात डोकं खुपसून बसली होती. चूक तिचीच, मग तक्रार तरी कुणाकडे करणार?

स्टान्कोआजोबा म्हणजे फेल्डहोवन या डच शहरातले तिचे शेजारी, वय चौऱ्याऐंशी, मूळचे स्लोव्हेनियातले. त्यांचं गाव लेस्कावा, अवघ्या नऊ उंबऱ्यांचं. ते कधीच शेजारच्या मोस्तेकमध्ये सामील करून टाकलं, गावाची पाटीसुद्धा उपटली. आता मोस्तेकवाल्यांना उपरती झाली होती. लेस्काव्यात जन्मलेली चार माणसं आज पाचच्या आत पुराव्यानिशी पुढे आली, तर पाटी पुन्हा लावू म्हणाले. जुनी वस्तूही चालेल, फक्त तिच्यावर नाव, तारीख आणि गाव हवं. तिघं सापडली होती. चौथे हे! सकाळी मेल आल्यापासून आजोबा घरभर नाचत होते.

आणि पुरावा काय, तर ओळखपत्र. त्यावर ठसठशीत जन्मगाव: मोस्तेक. गेल्या वर्षी त्यांचा फॉर्म यामिनीनंच भरला होता. यादीत लेस्कावा नव्हतं, म्हणून बाईंनी पटकन शेजारचं गाव टिचकवलं. इंजिनिअर ना! रिकामा रकाना हिला बघवत नाही.

"मोस्तेकची पोरं आमची सफरचंदं चोरायची," आजोबा डचमध्ये कळवळून म्हणाले. "आणि मी त्यांच्यातला?"

यामिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाटात विजेची बिलं, मोजे, तीन चष्मे. लेस्काव्याचा एक कागद नाही.

तेवढ्यात गयाबाई आत आल्या. गयाबाई यामिनीची आई, दोन महिन्यांसाठी लेकीकडे आलेली. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात पेला. परवा आजोबांनी त्यातून प्लमचा मुरांबा पाठवला होता, आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करणं गयाबाईंच्या रक्तातच नाही.

"चिवडा भरलाय. उरलेला डब्यात आहे. आणि ह्यांना विचार, पेल्यावर कुणाचं नाव घातलंय?"

"आई, आत्ता नको गं!"

"आत्ता नको काय? टूथपेस्टनं घासला तर चांदीचा निघाला! भांडं कुणाचं ते बघायला मी बूड आधी बघते. अक्षरं आहेत इंग्रजी."

यामिनीनं पेला हिसकावला आणि चिवडा सगळा टेबलावर उपडा केला. बुडाशी बारीक कोरलेलं होतं: स्टान्को, ३ मे १९४१, लेस्कावा.

"बारशाचा पेला!" आजोबा ओरडलेच. "धर्मपित्यानं दिलेला! काळा पडला, म्हणून मी साठ वर्षं त्यात खिळे ठेवत होतो, परवा मुरांब्यासाठी रिकामा केला!"

यामिनीनं घाईघाईनं फोटो काढले. पहिला हलला, दुसरा बरा आला. चार सत्तेचाळीसला मेल गेली. मग तिघं फोनकडे टक लावून बसली. चार छप्पन्नला मोस्तेकहून फोन आला.

"चौथे मिळाले. पाटी लागणार."

अहाहा, काय तो दंगा! आजोबांनी गयाबाईंचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले, आणि गयाबाई लाजून, "अहो, पुरे, पुरे!"

दम लागून आजोबा बसले, टेबलावरचा चिवडा तोंडात टाकला आणि काय वाटलं कोण जाणे, डब्याचं झाकण उलटून पाहिलं. तिथंही अक्षरं होती: चि. सौ. कां. गयाबाई हिस समस्त जांभूळटेककरांकडून सप्रेम भेट.

"आणि यावर गाव कुठलं?" त्यांनी यामिनीला विचारलं.

यामिनी सवयीनं नाशिक म्हणणारच होती. जांभूळटेक नाशकात सामावलं त्याला वीस वर्षं झाली. तिचा जन्म तिथलाच, पण पासपोर्टपासून ऑफिसपर्यंत प्रत्येक फॉर्मवर ती बिनदिक्कत नाशिक लिहीत आली होती.

त्यांनी काय विचारलं ते गयाबाईंना न सांगताच कळलं. "सांग की. का इथंही नाशिकच?"

"जांभूळटेक," यामिनी म्हणाली. "मी तिथली."

"घरं किती?" आजोबांनी लगेच विचारलं.

तिला माहीत नव्हतं. तिनं आईला विचारलं.

"बावीस," गयाबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली. "बस. एकेक सांगते."