जळक्या गालाची फेड

मी जळकी बोलतेय. घाबरू नका, असं मी म्हणणार नाही. घाबरवण्यासाठीच माझा जन्म झाला आणि ते काम मी अजून सोडलेलं नाही.

तशी मी रबराचा मुखवटा. पण सिनेमात मी बाई होते, तेव्हा बाईसारखीच बोलणार. माझा उजवा गाल नितळ आहे. डावा आक्रसून, सुरकुतून वर ओढला गेलाय, आणि त्या बाजूने माझे दात कायम दिसतात. हा गाल कुणी जाळला, त्याची फुशारकी कुणी मारली आणि मी त्याची फेड कशी केली, एवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म दूर उत्तरेतल्या केमी शहराजवळच्या एका गावात, हिल्प्पाच्या आईच्या स्वयंपाकघरात झाला. हिल्प्पा तेव्हा कॉलेजातून उन्हाळ्यापुरती घरी आली होती. तिला खुर्चीत बसवून गावातल्या म्हाताऱ्या ताइमीने तिच्या चेहऱ्यावर गुलाबी लगदा थापला. ताइमीने सारा जन्म दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून काढला होता. कवळीचे साचे घ्यायचा तो लगदा तिने तिथूनच आणला होता. हिल्प्पाच्या नाकपुड्या तेवढ्या उघड्या होत्या.

"हसू नकोस हं," ताइमी म्हणाली. "गाल हलला तर भुताला गालगुंड झाल्यासारखं दिसेल."

हिल्प्पाने नाकातून फुस्स केलं.

"तुला गप्प बसवायचा उपाय सापडला म्हणायचा! तुझ्या आईला शिकवून ठेवते."

त्या साच्यातून हिल्प्पाचा प्लास्टरचा चेहरा निघाला. त्याच्यावर तिने मातीने माझं रूप घडवलं, त्याचा साचा केला, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत रबराचं दूध ओतलं. म्हणून मी बाहेरून भूत आहे आणि आतून हिल्प्पा. तिचं किंचित डावीकडे झुकलेलं नाक, तिची निमुळती हनुवटी माझ्या आतल्या अंगाला जशीच्या तशी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तेव्हा मी सुंदर होते. बुडून मेलेली, फिकट, दोन्ही गाल नितळ असलेली बाई. हिल्प्पाने मला वाळायला वेइक्कोच्या सौनात, गरम हवेच्या त्या लाकडी खोलीत, वरच्या फळीवर ठेवलं. चुलीवरचे दगड अजून कोमट होते. रबराला तेवढीच ऊब पुरते.

आता वेइक्को. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, छातीपर्यंत पांढरी दाढी राखलेला, गावातल्या हौशी सिनेमंडळाचा कर्ताधर्ता. आमच्याकडे म्हाताऱ्यांनाही नावाने हाक मारतात आणि 'तू' म्हणतात. पण तू म्हणायला मिळालं म्हणून तुमचं कुणी ऐकून घेतं, असं नाही. 'मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा' हे वेइक्कोचं आवडतं वाक्य होतं. ते सुरू झालं की हिल्प्पाच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी सौना तापवायचीच. बाहेर आग लागली असती तरी वेइक्कोने आधी सौना तापवली असती. त्याने दार उघडून आत पाहिलंही नाही. लाकडं पेटवली आणि सवयीने कॉफी प्यायला निघून गेला. मी फळीवर, अर्धी ओली. चुलीकडचा माझा गाल आधी घट्ट झाला, मग चिकट, मग तो स्वतःलाच गिळू लागला. ओठ वर सरकला. मला ओरडायचं होतं, पण तोंड अजून रंगवलेलंही नव्हतं.

हिल्प्पाने मला पाहिलं आणि वेइक्कोला ओरडून बोलावलं.

"वेइक्को, तू आत पाहिलं का नाहीस?"

"शनिवारी सौनात काय ठेवतात, बाई? माणसं ठेवतात," तो कपाळ पुसत म्हणाला. "माझ्यावर कशाला चिडतेस? मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा स्वतःच्या वस्तू स्वतः सांभाळायचो."

हिल्प्पाने मला उचललं, उन्हात धरलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग ती हलकेच म्हणाली, "आता तू खरी झालीस." दुसऱ्या कुणी मला फेकून दिलं असतं. तिने माझ्या वाकड्या ओठामागे दात बसवले. एकच खोड राहिली. भाजलेल्या गालाची आतली बाजू कायमची चिकट झाली, गोंद लावल्यासारखी. मला घालण्याआधी हिल्प्पा आत बटाट्याचं पीठ भुरभुरायची. न विसरता, दर वेळी.

सिनेमाचं नाव होतं 'तळ्याकाठची पाहुणी'. खिशात दमडी नसताना काढलेला भयपट कसा असतो, ते मला विचारा. रक्त म्हणजे जंगलातल्या लाल फळांच्या रसात बटाट्याचं पीठ शिजवून केलेली लापशी. आमच्याकडे जेवणानंतर वाडग्यातून खातात तीच. ताइमी तीन वेगवेगळे रुमाल बांधून तीन वेगवेगळ्या बायका म्हणून मेली. तिसऱ्यांदा मेलेली असताना वेइक्कोचा कुत्रा आला आणि तिच्या गळ्यावरचं रक्त चाटू लागला.

"हाकला रे याला!" प्रेत ओठ न हलवता पुटपुटलं. "गुदगुल्या होतायत."

तो कुत्रा सिनेमात आहे. प्रेताचं पोट हसून हलतं, तेही आहे. एका दृश्यात काठीला बांधलेला माइक वरून असा डोकावतो की तोच भूत वाटावा. मला यातल्या कशाचीही लाज नाही. तुमच्या गुळगुळीत, कोट्यवधींच्या भुतांना माणसाच्या घामाचा वास येत नाही. आम्हाला येतो. आमच्या सिनेमात मरणारी बाई खरोखर त्या गावात राहते, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात तुमच्यामागे रांगेत उभी असते.

खरी पंचाईत काळोखाची होती. सगळ्यांना सुट्टी जूनमध्ये, आणि आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, जूनमध्ये काळोख होतच नाही. हे या गावात पाळण्यातल्या मुलालाही माहीत आहे. तरीही वेइक्कोने प्रत्येक दृश्यापुढे लिहून ठेवलं होतं : 'काळाकुट्ट अंधार'.

"मग उजेडातच येऊ दे तिला," हिल्प्पा म्हणाली. "कपडे वाळत घातलेत, कॉफी उकळतेय, आणि ती नुसती उभी आहे. लपायची गरजच नाही तिला."

"भुतं उजेडात येत नसतात."

"मग डिसेंबरात काढ सिनेमा!"

"डिसेंबरात माझे गुडघे धरतात," वेइक्को म्हणाला, आणि खिडक्यांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवायला लागला.

त्यातली एक पिशवी ऐन दृश्यात सुटून खाली पडली. स्वयंपाकघरात भसकन ऊन घुसलं. ओट्याजवळ हिल्प्पा मला घालून उभी होती. ती हलली नाही. तिने फक्त मान डावीकडे कलती केली, ऊन माझ्या जळक्या गालावर पडेल अशी. ताइमी वळली आणि किंचाळली. ती किंचाळी पाठ केलेली नव्हती. तिच्या हातातला कप खरोखर फुटला.

सिनेमात तेवढं एकच दृश्य खरं भीतिदायक आहे. ते हिल्प्पाचं आहे आणि माझं आहे.

हिल्प्पा दक्षिणेत कॉलेजला परत गेली. मी वेइक्कोच्या कपाटात राहिले. हिवाळाभर त्याने सिनेमा जोडला. गावच्या सभागृहात पहिला खेळ झाला, तेव्हा हिल्प्पा मुद्दाम आली. पडद्यावर नावं सरकली. लेखन, वेइक्को. दिग्दर्शन, वेइक्को. मुखवटा, वेइक्को. भूत, वेइक्को. सगळ्यात शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत : 'सहकार्य : ताइमी आणि गावातली तरुण मंडळी'.

"मी मंडळी आहे?" हिल्प्पाने त्याला दारातच गाठलं.

"हळू बोल. माझ्या मंडळात केलंस, माझ्या सौनात वाळवलंस."

"जाळलंस तू ते!"

"आणि जाळलं म्हणूनच ते भूत झालं. म्हणजे मुखवटा कुणाचा?" त्याने दाढी कुरवाळली. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, तुला अजून पुष्कळ सिनेमे करायचे आहेत. माझा हा शेवटचा."

म्हातारपणाची ही युक्ती मला ठाऊक आहे. आधी हात मारायचा आणि मग डोळ्यांत पाणी आणायचं. हिल्प्पाने मान वळवून ताइमीकडे पाहिलं. ताइमी कोटाची बटणं लावत राहिली. वेइक्कोशी तिची शाळेपासूनची मैत्री होती.

नाव एवढं कशाला हवं, असं तुम्ही म्हणाल. हिल्प्पाला उल्लाच्या कार्यशाळेत जायचं होतं. मुखवटे करणारी उल्ला वर्षाला मोजून दोन-तीन मुलं घेते. हिल्प्पाने तिला माझे फोटो पाठवले. उत्तर आलं : 'भयपटांच्या मेळ्यासाठी आलेला हा सिनेमा मी पाहिला आहे. मुखवटा वेइक्कोचा आहे. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणाऱ्यांना मी शिकवत नाही.'

चोर ठरली ती. आणि मी कपाटात, एका जुन्या टोपीखाली. तिथे मी माझा राग जपला. रबराला बाकी काही जमत नसेल, पण धरून ठेवणं जमतं.

वसंतात दक्षिणेतल्या एका लहानशा चित्रपटगृहात स्वस्तातल्या भयपटांचा तो मेळा भरला. आमचा सिनेमा दुपारी लागला. लोक कुत्र्याला हसले, रुमालांना टाळ्या वाजवल्या. मग पिशवी पडली, ऊन आलं, मी मान कलती केली आणि हसणारे खुर्चीत मागे सरकले. पहिल्या रांगेत ताइमी होती. अगदी मागे, हाताची घडी घालून, हिल्प्पा.

सिनेमा संपल्यावर वेइक्को मला बगलेत मारून मंचावर चढला. प्रश्न विचारायला समोर उल्लाच होती.

"हा गाल असा कसा साधलास?" तिने विचारलं.

"उष्णतेचा विचारपूर्वक वापर," वेइक्को म्हणाला.

"आणि घातलाही तूच? मग ती मान कलती करून दाखव ना एकदा!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. वेइक्कोने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण टाळ्या ऐकून त्याला नाही म्हणवेना. त्याने मला डोक्यावर ओढलं.

त्याचं जाड नाक हिल्प्पाच्या नाकाच्या जागेत शिरेना. माझ्या डोळ्यांची भोकं त्याच्या भुवयांवर आली. निमुळत्या हनुवटीत ती भरघोस दाढी कोंबली गेली आणि भाजलेल्या, चिकट गालावर घट्ट दाबली गेली. मी तिला धरलं. इतके महिने ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला होता; केस न् केस मी धरला.

तो आंधळ्यासारखा चाचपडला, खुर्चीला अडखळला. लोक हसले, त्यांना तो अभिनयच वाटला. मग त्याने मला वर ओढलं आणि बोंबलला.

"निघत नाही! आई गं! निघत नाही!"

"पीठ!" पहिल्या रांगेतून ताइमी ओरडली. "अरे गाढवा, पीठ नाही का लावलंस आत? हिल्प्पा दर वेळी लावायची!"

बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"कोण हिल्प्पा? ती मला फोटो पाठवणारी?" उल्लाने विचारलं.

हिल्प्पा मागून चालत आली, मंचावर चढली, आणि वेइक्कोसमोर उभी राहिली. त्याला ती दिसत नव्हती. पण पावलं ओळखीची असावीत.

"हिल्प्पा, काढ हे. दुखतंय गं."

"आधी सांग, आत कुणाचं तोंड आहे?"

"हे काय बोलायची वेळ आहे?"

"तुझ्या नाकाला विचार. कुणाच्या नाकाची जागा आहे ती?"

मी जरा आवळले. खोटं कशाला बोलू, मजा आली.

"तुझं," तो आतून म्हणाला. "तूच केलास. घातलासही तूच. मी फक्त सौना तापवली, आणि तीसुद्धा चुकून."

उल्लाने माइक त्याच्या, म्हणजे माझ्या, वाकड्या ओठापाशी नेला. "पुन्हा सांग. मागे ऐकू गेलं नाही."

त्याने पुन्हा सांगितलं. माझ्या तोंडून. मी जन्मात उच्चारलेलं ते एकच वाक्य, आणि ते खरं होतं.

कुणीतरी कात्री आणून दिली. "मुखवटा काप," वेइक्को कळवळला. "दाढी नको, हिल्प्पा. मुखवटा काप."

"मुखवटा माझा आहे," ती म्हणाली, आणि तिने दाढी कापली.

वेइक्को बाहेर आला तेव्हा त्याची एक बाजू भादरलेली होती. अगदी माझ्यासारखा दिसत होता. ताइमीने त्याला आपला तिसऱ्या मरणाचा रुमाल बांधायला दिला. मग ती हिल्प्पापाशी गेली आणि काही बोलणार, तोच हिल्प्पा म्हणाली, "तेव्हा बोलायचं होतंस, ताइमी." ताइमीने मान खाली घातली. मला तिची दया आली नाही. हिल्प्पाला आली असेल, तर तिने दाखवली नाही.

आता मी उल्लाच्या कार्यशाळेत, हिल्प्पाच्या मेजाच्या वर खिळ्याला टांगलेली असते. माझ्या गालाला ते पांढरे केस अजून चिकटलेले आहेत. ते काढायचे नाहीत, अशी हिल्प्पाची सक्त ताकीद आहे. सिनेमाच्या प्रतींवर मात्र अजूनही वेइक्कोचंच नाव आहे. बदलतो म्हणाला होता. मग म्हणाला, गुडघे दुखतात.

माझे दिवस भरत आले. रबर आधी कडक होतं, मग त्याचा भुगा पडतो. जाण्याआधी एकच सांगते, आणि ही विनंती समजा की धमकी, तुमची मर्जी. असला गरीब, वेडावाकडा भयपट पाहाल तेव्हा हसा, कुत्र्याला टाळ्या वाजवा. पण शेवटची नावं सरकत असताना खुर्ची सोडू नका. एकच नाव फार वेळा आलं, तर त्याखाली कुणीतरी गाडलेलं आहे असं समजा.

आणि वेइक्को, तू हे वाचत असशील तर ऐक. माझा साचा हिल्प्पाकडे शाबूत आहे. ती मला पुन्हा ओतणार आहे. या खेपेला सौना ती स्वतः तापवणार आहे.